पेप्टाइड टॉनिकचं पाकीट आणि लॅमिनेट केलेला रिपोर्ट

कपाशीची पातेगळ (फुलाआधीच्या कळ्या गळणं) सुरू झाली की आमच्या यवतमाळकडच्या कृषी केंद्रांत 'पेप्टाइड टॉनिक', म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे असलेलं म्हणून विकलं जाणारं फवारणीचं औषध, पुढे सरकवायला लागतात. मी गेलो होतो युरियाला. सोबत हे पाकीट घ्यावंच लागेल म्हणे. लिंकिंग आपल्याला काही नवीन नाही. कुरकुर केली तर दुकानदाराने काउंटरखालून लॅमिनेट केलेला कागद काढला. "पाहा न भाऊ, लॅबचा रिपोर्ट हाय. प्रथिनं ऐंशी टक्के!" वर एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची) खूण, खाली शिक्का, सही.

फवारलं. पात्या गळायच्या त्या गळाल्याच, पानं तेवढी हिरवीगार झाली. शंका तिथेच आली.

अमरावतीला बी.फार्म. करणाऱ्या भाच्याला कागदाचा आणि पाकिटाचा फोटो पाठवला. त्याने आधी बॅच नंबर पाहिला: दोन्हीकडे वेगळा. तपासणीची तारीख तर पाकिटावरच्या उत्पादन तारखेच्याही आधीची! तळाशी बारीक अक्षरात होतं की नमुना कंपनीने आणून दिला, निष्कर्ष तेवढ्या नमुन्यापुरते. म्हणजे लॅब खोटं बोलली नव्हती. तिने माझं पाकीट पाहिलंच नव्हतं.

खरी गोम पुढे. चाचणी केल्डाल पद्धतीची. ती प्रथिनं मोजत नाही, नत्र मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. युरियात नत्र 46 टक्के. गुणून पाहा, 287.5 टक्के 'प्रथिनं' निघतात! थोडा युरिया मिसळला तरी कागद झकास दिसतो आणि पीकही हिरवं होतं. माझ्या पाकिटात तेच होतं असं मी म्हणत नाही, पण त्या रिपोर्टवरून ते कळायची सोयच नाही. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, वेगवेगळी मोजलेला तक्ता मागा. तो नसेल तर पाकीट परत ठेवा.

(जिमसाठी पेप्टाइडच्या कुप्या मागवणाऱ्या पोरांनो, एचपीएलसी नावाच्या लॅब-चाचणीतली 98 टक्के शुद्धता म्हणजे कुपीत माल किती, ते नव्हे. ती निर्जंतुक आहे, असंही नव्हे.)

2021 पासून अशी टॉनिकं, म्हणजे कायद्याच्या भाषेत जैव-उत्तेजकं, 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात, त्यामुळे पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. मी केली आहे. बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्याच आणि एक पाकीट सीलबंद ठेवा. फोडलेल्या पाकिटात तुम्हीच काही घातलं म्हणायला दुकानदार मोकळा असतो.