गच्चीच्या झाकणाचं काम देताय? मी कसा फसलो ते आधी वाचा

आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, जुनं, गच्चीवर जायला आतूनच लोखंडी शिडी आणि तिच्या तोंडावर पत्र्याचं झाकण. ते सडलं म्हणून मे महिन्यात नवीन करायचं ठरवलं. एक फॅब्रिकेशनवाला आला, बोलायला लै गोड, म्हणाला काका 304 ग्रेडच्या, म्हणजे चांगल्या स्टेनलेस स्टीलचं सरकतं झाकण करतो, चारी बाजूंनी रबर, दहा वर्षं थेंब आत येणार नाही. 24 हजार ठरले, 20 हजार आधीच घेतले. माझ्यासमोर मॅग्नेट काढून स्टीलला लावला, चिकटला नाही, म्हणाला बघा, 304 आहे.

मी इथंच फसलो. 202 ह्या हलक्या ग्रेडच्या स्टीलला पण मॅग्नेट सहसा चिकटत नाही! त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून स्वस्त पडतं आणि लवकर गंजतं. नंतर उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तुकडा नेला, त्यांनी टेस्टिंगच्या लिक्विडचा थेंब टाकून बॅटरी लावली, लगेच लाल, म्हणजे 202.

आणि जुलैत आपल्याकडं पाऊस सरळ कुठं पडतोय, वाऱ्याबरोबर आडवा येतोय. पहिल्याच मोठ्या रात्री शिडीवरून धार लागली, खाली जोंधळ्याची पोती, वडिलांची कागदपत्रांची पेटी, सगळं भिजलं, माझी 74 वर्षांची आई रात्री दोनला बादल्या लावत होती. ते आठवलं की अजून जीव जळतो.

तो दोनदा आला, दोन्ही वेळा सिलिकॉन मारून गेला, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा. तो सिमेंटवर धरतच नाही, तिथं न्यूट्रल, म्हणजे आंबट वास नसलेला सिलिकॉन लागतो. पंधरा दिवसांत सालीसारखा निघाला. रबर म्हणून लावलेला तर साधा फोम होता, पाणी पिऊन फुगलेला. तिसऱ्या वेळेपासून फोन बंद.

माझा मावसभाऊ शिडाच्या बोटींवर काम केलेला, त्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं, अरे ह्याला कट्टाच नाही. बोटीत केबिनच्या जिन्यावर असंच सरकतं झाकण असतं, पण भोकाभोवती उंच काठ असतो, झाकण त्या काठावरून खाली उतरलेलं असतं, आणि रुळात शिरलेलं पाणी बाहेर जायला वाट असते. चिकटपट्टीच्या भरवशावर तिथं कोणी राहत नाही. आमच्याकडं रूळ स्लॅबलाच टेकवलेला, एक पण भोक नाही, पाणी साठून आतच उलटायचं.

आता गवंड्याकडून सहा इंच कट्टा बांधून घेतला, वर डब्यासारखं बसणारं झाकण, आणि पैसे द्यायच्या आधी अर्धा तास पाईपनं चारी बाजूंनी पाणी मारून बघितलं, आडवं सुद्धा. बिलावर स्टीलचा ग्रेड लिहून घेतला. आधीच्याकडून फक्त कोऱ्या कागदावर गॅरंटी होती, तरी 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय.

परवा कळलं तो आमच्याच पेठेत अजून एका घरी मापं घेऊन गेलाय, म्हणून आज लिहायला बसलो.