दुर्मीळ अणुकेंद्रकं: तापवून काढायची की उडत्यात पकडायची?

निसर्गात न सापडणारी, क्षणभरच टिकणारी अणुकेंद्रकं प्रयोगशाळेत घडवायच्या दोन पद्धती आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या आयसोल्डे केंद्रात १.४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडच्या जाड लक्ष्यावर आदळतात. लक्ष्य सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापलेलं. युरेनियमची केंद्रकं फुटून तयार झालेले अणू त्यातून झिरपत बाहेर येतात, मग आयनीकरण (म्हणजे अणूंना विद्युतभार देणं) आणि चुंबकाने निवड. मिळणारी कणांची शलाका मंद आणि नेटकी, त्यामुळे वस्तुमान किंवा लेसरने केंद्रकाची त्रिज्या मोजायला याला तोड नाही. पण झिरपण्यात वेळ जातो. काही मिलिसेकंदच जगणारी केंद्रकं वाटेतच संपतात. टंगस्टनसारखी चिवट मूलद्रव्यं तर लक्ष्य सोडायलाच तयार नसतात.

जपानच्या रिकेन संशोधन संस्थेत उलटा कारभार. युरेनियमचाच झोत पातळ बेरिलियमवर सोडतात, तुकडे प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने पुढे उडतात आणि मायक्रोसेकंदाच्या आत वेगळे होतात. रसायनाचा अडसर नाही, मूलद्रव्य कितीही चिवट असो. शलाका मात्र पसरट आणि सुसाट.

कॅल्शियम-५४चंच बघा (२० प्रोटॉन, ३४ न्यूट्रॉन). २०१३मध्ये आयसोल्डेने त्याचं वस्तुमान मोजलं, त्यातून ३२ न्यूट्रॉनांचं कवच, म्हणजे त्या संख्येला केंद्रक जास्त घट्ट बांधलेलं असणं, ठळक झालं. त्याच वर्षी रिकेनने त्याची पहिली उत्तेजित पातळी सुमारे २ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टवर शोधली आणि ३४ न्यूट्रॉनांनाही असंच कवच पूर्ण होतं, असा दावा पुढे आला. अज्ञाताच्या अगदी काठावर जायचं असेल तर माझं मत रिकेनच्या पद्धतीला. बारीक मोजमापाला आयसोल्डेच.