यूव्ही डाय आणि टॉर्च: ८ महिन्यांच्या वापरानंतर

ऑइलची गळती शोधायचा हा संच (तेलात मिसळायचा, यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग म्हणजे डाय, आणि यूव्ही टॉर्च) मी रागाच्या भरात घेतला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी लिफ्टवर चढवली, खालून पाहिलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "टर्बो गेला, बदलावा लागेल." टर्बोची (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या भागाची) खालची बाजू तेलाने माखली होती, हे खरं. पण तेल वरून ओघळतं आणि धावत्या गाडीत वारा ते मागे पसरवतो. थेंब लोंबतो तिथेच गळती असेल असं नाही. एवढा महागडा भाग नुसत्या अंदाजावर बदलणं मला पटेना.

इंजिन डिग्रीझरने स्वच्छ केलं, ऑइलमध्ये डाय ओतला, २० मिनिटं गाडी फिरवली आणि अंधारात टॉर्च मारला. व्हॉल्व्ह कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून हिरवट-पिवळी रेघ थेट टर्बोपर्यंत उतरलेली! तिथलं गॅस्केट (जोडातून तेल गळू नये म्हणून बसवलेली पट्टी) कडक झालं होतं. ते बदललं. त्या दिवशी मी पाचपैकी पाच तारे दिले असते.

आता मुख्य तक्रार. डायच्या बाटलीवर मापाच्या खुणाच नाहीत. किती ओतला ते कळायला मार्ग नाही. माझ्याकडून ओतताना सांडला, हाताला लागला, हात जिथे जिथे टेकले तिथे तिथे चमक. खरी गळती कुठली आणि माझी बोटं कुठली? पुन्हा सगळं धुवावं लागलं. ज्या वस्तूचं काम खूण दाखवणं, तिच्याच बाटलीवर खुणा नसाव्यात याचा मला आजही संताप येतो. आता मी सिरिंजने मोजून घालतो.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा ओल दिसली, या वेळी टर्बोच्या ऑइल रिटर्न पाइपच्या जोडावर. इथे माझं मत बदललं. डाय गळती कुठे आहे ते दाखवतो, का आहे ते नाही. टर्बोच्या शाफ्टला (फिरणाऱ्या दांड्याला) रबरी सील नसतं, पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात. तेल दाबाने आत येतं, पण परत मात्र स्वतःच्या वजनाने उतरतं. क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत, जिथे हे तेल परत येतं) दाब साचला की ते नीट उतरत नाही आणि फट मिळेल तिथून बाहेर पडतं. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल फिलरच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला, तर तो फुगला. म्हणजे आत दाब साचत होता: क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदला होता. व्हॉल्व्ह आणि जोडाचं गॅस्केट दोन्ही बदललं.

इंजिन थंड असताना टर्बोचा शाफ्टही हलवून पाहिला. बाजूला किंचित हलतो, तेवढं चालतं. आत-बाहेर हालचाल जाणवली नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपमध्ये तेलाचा पातळ थर दिसला म्हणूनही घाबरू नका, तो बहुतेक गाड्यांत असतो. तेल साचलेलं दिसलं तर मात्र शोध घ्या.

पाच महिने झाले, जोड कोरडा आहे आणि तोच टर्बो चालू आहे. चार तारे. एक बाटलीपायी कापला.