सायक्लॅमेन: कुंडीतलं पर्सिकम की बागेतलं हेडेरिफोलियम?

सायक्लॅमेन हे कंदातून उगवणारं फुलझाड; त्याच्या पर्सिकम आणि हेडेरिफोलियम या दोन जातींमधला खरा फरक कंदात आहे. पर्सिकमला मुळं खालून फुटतात, म्हणून कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवायचा. हेडेरिफोलियमची मुळं बहुतेक वरून आणि बाजूंनी फुटतात. त्याच्यावर 3 ते 5 सेंटिमीटर माती हवीच. दोन्ही एकाच पद्धतीने लावली की हेडेरिफोलियम उपाशी राहतं.

पर्सिकम मूळचं पूर्व भूमध्य भागातलं, हिवाळ्यात फुलणारं, पण कडाक्याची थंडी पडून माती गोठली की मरतं. घरात 15 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा; सतत 20 च्या वर गेलं की पानं पिवळी पडतात. पाणी बशीतून 15-20 मिनिटं द्या, उरलेलं ओतून टाका. कंदाच्या खळग्यात पाणी साचलं की करडी बुरशी धरते. पिवळं पान कापू नका, देठ पिळून बुडापासून उपटा. मागे राहिलेला खुंट कुजतो.

बागेसाठी मात्र हेडेरिफोलियमच. ते शरदात, बहुधा पानांआधी फुलतं आणि बर्फातही तगतं. फळ धरल्यावर त्याचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो, पर्सिकमचा नाही.

औषध म्हणून दोन्ही नकोत, कंदातली सॅपोनिन्स नावाची रसायनं विषारी आहेत. सायनससाठीचा नाकातला फवारा तिसऱ्याच, पर्प्युरासेन्स जातीच्या कंदापासून बनतो. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात त्याच्या गुणाचाही ठोस पुरावा मिळाला नाही.