दगडखाण उद्योजकांच्या संघटनेचे सदस्यत्व: सहा वर्षांच्या अनुभवावरून

सहा वर्षांपूर्वी आमच्या खाणीने दगडखाण आणि खडी उद्योगाच्या व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व घेतले, तेव्हा माझी अपेक्षा माफक होती. सरकारदरबारी कोणीतरी आपली बाजू मांडावी, नियम बदलले की त्याची खबर वेळेवर मिळावी आणि निविदा भरताना कागदावर एक वजनदार नाव दाखवता यावे, एवढ्यासाठीच आम्ही वर्गणी भरली होती. या तिन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात मिळाल्या. परंतु ज्या एका लाभासाठी मी आज इतर खाणमालकांना आग्रहाने सदस्य व्हायला सांगेन, त्याचा उल्लेख माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर जेमतेम एका ओळीत होता: सदस्य खाणींमधील अपघातांच्या सूचना.

ही व्यवस्था साधी आहे. एखाद्या सदस्य खाणीत अपघात झाला किंवा थोडक्यात टळला, तर त्या खाणीने त्याची हकीकत संघटनेच्या सुरक्षा विभागाला कळवायची, आणि विभागाने खाणीचे, मालकाचे व कामगाराचे नाव वगळून काय घडले, का घडले आणि काय केले असते तर टळले असते, हे एका पानात मांडून सर्व सदस्यांना पाठवायचे. पहिल्याच वर्षी आलेली अशी एक सूचना मला अजून जशीच्या तशी आठवते. खडी वाहून नेणाऱ्या कन्व्हेयर बेल्टच्या टेल पुलीला, म्हणजे मागच्या टोकाच्या फिरत्या रुळाला, चिकटलेला ओला चुरा काढण्यासाठी एका कामगाराने बेल्ट चालू असतानाच फावडे घातले होते. संरक्षक जाळी साफसफाईसाठी काढून ठेवलेली होती आणि फाळ ओढला जाताच दांड्यासह त्याचा हातही आत गेला. ते पान हातात घेऊनच मी आमच्या प्लांटवर गेलो. दुसऱ्या क्रशरखालच्या बेल्टची जाळी खांबाला टेकवून उभी होती, तिचे चार बोल्ट ग्रीसच्या रिकाम्या डब्यात पडले होते, आणि जाळीवर बसलेल्या धुळीच्या जाड थरावरून ती कित्येक आठवडे तिथेच असावी हे उघड दिसत होते. ऑपरेटरने प्रांजळपणे सांगितले की, जाळी काढून पुन्हा लावायची म्हटली तर प्रत्येक सफाईला अर्धा तास जास्त जातो. तो खोटे बोलत नव्हता. दोष जाळीच्या रचनेत होता आणि तो आम्ही कोणी पाहिला नव्हता. बेल्ट त्याच क्षणी बंद केला. पुढे बिजागरीची जाळी बसवली, ती उघडताच मोटर थांबेल असा स्विच लावला आणि मुळात चुरा साचूच नये म्हणून बेल्टला चिकटलेला माल खरवडून काढणारा नवा स्क्रॅपर दिला. कोण्या अनोळखी खाणीतल्या माणसाच्या हाताने आमच्या माणसाचा हात वाचवला, असे मला मनापासून वाटते. एकट्याने धंदा करणाऱ्याला हे शहाणपण स्वतःच्या खाणीतल्या अपघातातूनच मिळते.

तांत्रिक सल्ल्याची सेवाही उत्तम आहे, मात्र ती मागावी लागते. तिसऱ्या वर्षी शेजारच्या वस्तीतून आमच्या ब्लास्टिंगविरुद्ध लेखी तक्रार आली: सुरुंग उडाला की खिडक्या वाजतात आणि भिंतींना तडे जातात. संघटनेचा सल्लागार कंपनमापक घेऊन आला, त्याने तो सर्वांत जवळच्या घराच्या पायालगत बसवला आणि सलग काही ब्लास्टच्या नोंदी घेतल्या. जमिनीच्या कणांचा कमाल वेग सेकंदाला दोन मिलिमीटरच्या आसपास होता. अमेरिकेच्या खाण विभागाने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या गिलाव्याच्या घरांसाठी कमी वारंवारतेच्या कंपनांची सुरक्षित मर्यादा १२.७ मिलिमीटर धरली आहे, म्हणजे आम्ही तिच्या पुष्कळ आत होतो. आमच्या जागी दुसरा कोणी असता तर एवढ्यावर समाधान मानून तक्रार फेटाळून मोकळा झाला असता, आणि खरे सांगायचे तर माझाही कल तिकडेच होता. सल्लागाराने मात्र दोन गोष्टी दाखवल्या. पहिली म्हणजे, माणसाला एक मिलिमीटरपेक्षा कमी कंपनही जाणवते, त्यामुळे घराला धोका नसला तरी घरातल्यांची भीती खोटी ठरत नाही. दुसरी म्हणजे, खिडक्या वाजत होत्या त्या जमिनीच्या हादऱ्याने नव्हे तर हवेतल्या दाबाच्या लाटेने, आणि ती लाट आमच्याच निष्काळजीपणातून येत होती. स्फोटके भरण्यासाठी खडकात पाडलेल्या भोकाचे, म्हणजे होलचे, तोंड आम्ही ड्रिलिंगच्या भुकटीने बुजवत होतो. ती स्फोटाच्या वायूंपुढे टिकत नाही आणि वायू वरच्या वर निसटतात. त्याऐवजी धारदार कडांची बारीक कपची भरली की तिचे तुकडे एकमेकांत आणि होलच्या भिंतीत घट्ट अडकतात. शिवाय काही होल एकाच डिलेवर, म्हणजे एकाच क्षणी, उडत होते, त्यांच्या वेळा वेगळ्या केल्याने एका क्षणी फुटणाऱ्या स्फोटकांचे प्रमाण घटले. कपची आमच्याच क्रशरची होती, तिला वेगळा खर्च आला नाही, आणि दगडही अधिक एकसारखा फुटू लागला. त्यानंतर वस्तीतल्या लोकांना आम्ही ब्लास्टची वेळ आदल्या दिवशी कळवू लागलो आणि कंपनाच्या नोंदी दाखवू लागलो. तक्रारी पूर्ण थांबल्या नाहीत, पण त्यांचा सूर निवळला.

धुळीच्या बाबतीत संघटनेने आमचे डोळे उघडले असे म्हटले तरी चालेल. डोळ्यांना दिसणारी धूळ त्रासदायक असते, परंतु फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण इतके सूक्ष्म असतात की ते हवेत तरंगताना दिसत नाहीत. त्यांत स्फटिकी सिलिका असेल तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्येच अशा सिलिकेला निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या गटात घातले. अमेरिकेच्या खाण सुरक्षा प्रशासनाने २०२४ मध्ये घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा जाहीर केली. हे आकडे कोणालाही वाचता येतात, पण आपल्या क्रशरजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात नेमके काय जाते हे कळण्यासाठी त्याच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरला नमुना घेणारा फिल्टर पूर्ण पाळीभर लावावा लागतो आणि तो नमुना योग्य प्रयोगशाळेत तपासावा लागतो. संघटना हे काम सदस्यांसाठी एकत्रित दराने करून घेते. आमच्या चाळणीवर काम करणाऱ्याचा अहवाल आला, त्या आठवड्यात आम्ही पाण्याचे फवारे दुरुस्त केले आणि त्याच्यासाठी बंद केबिन उभारली.

प्रशिक्षणवर्ग चांगले आहेत. मासिक ठीकठाक आहे, त्यात यंत्रांच्या जाहिराती फार असतात. कायद्यांचे सारांश उपयुक्त असतात, परंतु कधी कधी इतके उशिरा येतात की तोवर नियम लागू झालेला असतो.

आता ज्या गोष्टींबद्दल माझी गंभीर तक्रार आहे त्यांकडे वळतो. वर्गणी वार्षिक उत्पादनाच्या टनांवर ठरते आणि मतांचे वजनही त्याच प्रमाणात, त्यामुळे समित्यांवर मोठ्या कंपन्यांचेच लोक बसतात. मोठ्या कंपनीकडे पर्यावरणाचे कागद पाहणारा स्वतंत्र विभाग असतो. आमच्याकडे तेच काम रात्री घरी बसून मी करतो. नवा नियम येतो तेव्हा दोघांचे हित एकच असते असे नाही. ब्रिटनमध्ये २००२ पासून खडी-वाळूवर टनामागे कर लागू झाला, तेव्हा स्वतंत्र आणि लहान खाणींच्या ब्रिटिश ॲग्रिगेट्स असोसिएशनने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि तो वाद थेट युरोपीय न्यायालयापर्यंत नेला. लहानांचे म्हणणे मांडायला वेगळी संघटना असणे किती मोलाचे असते, हे त्यावरून ध्यानात येते. सदस्य होण्याआधी कार्यकारिणीची यादी मागावी आणि आपल्या आकाराच्या खाणींचे किती लोक तिच्यात आहेत ते मोजावे. मी हे केले नव्हते.

आणखी एक इशारा द्यायला हवा. एकाच भागातील स्पर्धक एका टेबलाभोवती बसले की बोलणे दरावर घसरू शकते, आणि दर किंवा गिऱ्हाईक आपसांत वाटून घेणे बहुतेक देशांच्या स्पर्धा कायद्यानुसार गंभीर गुन्हा किंवा जबर दंडाचे कारण ठरते. आमच्या संघटनेत प्रत्येक सभेच्या आरंभी हे वाचून दाखवतात, उत्पादनाचे आकडे त्रयस्थ हिशेबनीस गोळा करतो आणि फक्त एकूण बेरीज प्रसिद्ध होते. जिथे अशी शिस्त नसेल, त्या संघटनेपासून दूरच राहावे.

हेही स्पष्ट करतो की, व्यवस्थापक म्हणून स्वतःचे शिक्षण आणि पात्रता वाढवायची असेल तर त्यासाठी व्यक्तींची संस्था वेगळी असते. ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट ऑफ क्वारिंग ही १९१७ पासूनची संस्था त्याचे जुने उदाहरण आहे. व्यावसायिक संघटना कंपनीला सदस्य करून घेते, माणसाला नाही. पुष्कळ जण या दोहोंत गल्लत करतात आणि नंतर निराश होतात.

पाचपैकी चार गुण मी सुरक्षा, तांत्रिक सल्ला आणि धुळीच्या तपासणीसाठी देतो. मतांच्या वाटणीमुळे पाचवा देता येत नाही. सदस्यत्व आम्ही यंदाही चालू ठेवले आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे हॉपरमध्ये, म्हणजे क्रशरला दगड पुरवणाऱ्या मोठ्या नरसाळ्यात, अडकलेला दगड बाहेरून हायड्रॉलिक ब्रेकरने फोडण्याऐवजी पहारीने सोडवायला एक जण आत उतरला आणि दगड सरकला, तो बचावला. ती हकीकत मी त्याच दिवशी सुरक्षा विभागाला लिहून कळवली आहे.