आयपीएलमध्ये जाहिरात द्यायची तर कशी: चेहरा, पात्र की गोष्ट?

आयपीएल जवळ आली की नागपूरच्या इतवारी, गांधीबाग, सक्करदऱ्याकडचे ओळखीचे व्यापारी विचारू लागतात, "यंदा मॅचमध्ये आपली पण जाहिरात टाकायची म्हणतो. कशी करायची?" विचारणारा कूलर बनवणारा असतो, मसाल्याचा कारखानदार असतो, मिठाईवाला असतो. पैसा त्याच्या स्वतःच्या गल्ल्यातला असतो आणि चुकला तर वर्षभर जाणवतो. म्हणून क्रिकेटच्या प्रक्षेपणात गाजलेल्या काही जाहिराती शेजारी-शेजारी ठेवून बघू, की त्यांतली कोणती तऱ्हा आपल्या कामाची आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खेळाडूचा किंवा नटाचा चेहरा विकत घेऊ नका. स्वतःचं एक पात्र उभं करा आणि त्याच्या छोट्या-छोट्या जाहिराती करा. माल भेट देण्याचा, सणावाराचा असेल, तरच गोष्टीच्या वाटेला जा.

तुलना करण्याआधी आपल्याकडे मॅच कशी बघतात ते ध्यानात घ्या. एप्रिलमध्ये नागपूरचा पारा ४४-४५ ला टेकलेला असतो आणि हॉलमध्ये कूलर पूर्ण स्पीडवर. त्या घरघरीत टीव्हीचं बोलणं अर्धंच कानावर पडतं. पानठेल्यावर, सलूनमध्ये, सावजी भोजनालयात तर टीव्ही बहुधा मुकाच चालू असतो. म्हणजे कितीही झणझणीत ओळ लिहून घेतली, तरी ती अनेकांपर्यंत पोचणारच नाही. म्हणून माझी पहिली परीक्षा एकच: आवाज बंद करून जाहिरात बघा. काय विकतात ते कळलं, तर पुढचं बोलू.

चेहरा

या परीक्षेत राहुल द्रविडची २०२१ ची क्रेडची जाहिरात झकास पास होते. ट्रॅफिकमध्ये अडकलेला द्रविड गाडीतून ओरडतो, बॅट काढून शेजारच्या गाडीचा आरसा फोडतो, आणि शेवटी "इंदिरानगर का गुंडा हूँ मैं" म्हणतो. आवाज नसला तरी हसू येतं. पण ते का येतं, याचा विचार करा. सोळा वर्षं हा माणूस कसोटी क्रिकेटमध्ये संयमाने उभा राहिलेला आपण पाहिला आहे. गंमत त्या सोळा वर्षांमुळे आहे. आपण एखाद्या क्रिकेटपटूला एका दिवसाच्या शूटिंगसाठी आणून हातात मसाल्याचं पाकीट दिलं, तर तशी गंमत कुठून येणार?

आता दुसरा प्रश्न. त्या जाहिरातीत कोण होतं, असं कुणालाही विचारा, लगेच द्रविडचं नाव येतं. जाहिरात कशाची होती म्हटलं, की निम्मे लोक अडखळतात. क्रेडिट कार्डाचं बिल भरायचं ॲप होतं ते. मोठ्या कंपनीला हे परवडतं, कारण ती पुढच्या हंगामात पुन्हा येते, नवा चेहरा आणते, नाव ठसेपर्यंत पैसा ओतते. आपल्याकडे तो एकच हंगाम असतो.

चेहऱ्याची आणखी एक अडचण प्रत्येक मॅचला दिसते. एकाच ब्रेकमध्ये तोच खेळाडू आधी टायर विकतो, मग बनियन, मग रंग. आणि तो नुकताच शून्यावर आऊट होऊन परतला असेल, तर लगेच पडद्यावर हसत आलेल्या त्याच्या तोंडाकडे बघून घरातले लोक काय म्हणतात, ते ज्याने जाहिरातीचे पैसे भरले त्याने ऐकू नये.

पात्र

२००९ ची दुसरी आयपीएल लोकसभा निवडणुकीमुळे दक्षिण आफ्रिकेत झाली. त्या हंगामात व्होडाफोनने झूझू आणले. अंड्यासारखं डोकं, पांढरं फटक अंग, काड्यांसारखे हातपाय. अनेकांना ते कार्टूनच वाटलं, प्रत्यक्षात पांढरे पोशाख चढवलेले कलाकार होते आणि चित्रीकरण केपटाऊनला झालं होतं. बोलणं जवळजवळ नाहीच, नुसता चिवचिवाट. एका जाहिरातीत एकच गोष्ट सांगायची: कधी क्रिकेटचे अपडेट, कधी कॉलर ट्यून. हंगामभरासाठी अशा सुमारे तीस जाहिराती केल्या होत्या, त्यामुळे रोज काहीतरी नवं दिसायचं.

आपल्या शिकण्यासारखं सगळं इथे आहे. आवाज बंद असला तरी काही बिघडत नाही. भाषेचा अडसर नाही, म्हणून गडचिरोलीतही तेच आणि गोंदियातही तेच. पात्र कंपनीच्या मालकीचं, त्यामुळे ते दुसऱ्याचा टायर विकायला जाणार नाही आणि शून्यावर आऊटही होणार नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कंटाळा येत नाही. दोन महिन्यांच्या स्पर्धेत एकच जाहिरात रोज पाच-सहा वेळा लागली, की दुसऱ्या आठवड्यात लोक चिडायला लागतात. ती चीड मालावर निघते. तीस जाहिराती आपल्याला जमणार नाहीत, पण दहा-दहा सेकंदांच्या सहा जमतील. टीव्हीवरचा दर तसाही दहा सेकंदांच्या हिशोबाने लावतात.

कूलरवाल्याला मी हेच सुचवेन. कूलरची टाकी भरायला टाइमआऊटला, म्हणजे डावातल्या मोठ्या ब्रेकला, उठणारा घरातला एक माणूस घ्या. दर वेळी तो पाइप घेऊन उठतो आणि दर वेळी तेव्हाच विकेट पडते. सहाव्या जाहिरातीत त्याच्याकडे मोठ्या टाकीचा कूलर येतो आणि तो बसून राहतो. हा माणूस नागपुरात घरोघरी आहे. त्याला ओळखायला एक शब्द लागत नाही.

यातला तोटाही सांगायला हवा. पात्र लोकांना आवडेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही आणि ते रुजायला वेळ लागतो. शिवाय सहा जाहिराती लिहिणारा माणूस चांगला लागतो. स्टुडिओवर होणाऱ्या खर्चातला काही भाग त्याला द्या, वाया जाणार नाही.

गोष्ट

कॅडबरी डेअरी मिल्कची नव्वदच्या दशकातली जाहिरात ज्यांनी तेव्हा पाहिली, त्यांना आजही तशीच आठवते. फलंदाज ९९ वर. उंच मारलेला चेंडू, खाली झेल घ्यायला उभा असलेला क्षेत्ररक्षक, प्रेक्षकांत चॉकलेट धरून श्वास रोखलेली मुलगी. चेंडू सीमेपार जातो आणि ती सुरक्षारक्षकाला चुकवून नाचत थेट मैदानात. २०२१ मध्ये हीच गोष्ट उलटी करून दाखवली: मैदानात बाई खेळते आहे आणि नाचत धावतो तो तिचा दोस्त. जुनी जाहिरात माहीत असणाऱ्यांचे डोळे भरून आले, माझेही.

गोष्टीत जेवढी ताकद आहे, तेवढी बाकी कशातच नाही. पण तिला वेळ लागतो. ९९ ची धाकधूक दहा सेकंदांत बसत नाही, आणि सेकंद वाढले की बिल वाढतं. चॉकलेट, मिठाई, संत्रा बर्फी, सोनं, लग्नाचा बस्ता, अशा आनंदाच्या मालाला गोष्ट शोभते. पाण्याचा पंप किंवा हळद-तिखट यांच्यासाठी ओढूनताणून रडवायला गेलं, की माणूस सरळ मोबाइल काढतो.

खोडी

चौथी तऱ्हा म्हणजे समोरच्याची खोडी काढायची. १९९६ च्या विश्वचषकाचं अधिकृत पेय कोकाकोला होतं. पेप्सीने "नथिंग ऑफिशियल अबाउट इट" म्हणत सगळा भाव खाल्ला. २०१५ मध्ये स्टार स्पोर्ट्सने विश्वचषकातल्या भारत-पाकिस्तान सामन्यासाठी "मौका मौका" काढली. १९९२ पासून फटाके घेऊन विजयाची वाट बघणारा पाकिस्तानी चाहता. पहिल्यांदा मस्त वाटलं. पुढे ती लांबत गेली, २०२१ च्या टी-२० विश्वचषकातही आली, आणि दुबईत पाकिस्तानने आपल्याला दहा गडी राखून हरवलं. त्या रात्री तीच जाहिरात आपल्यावर उलटली. गावात शेजारच्या दुकानदाराला उद्याही तोंड दाखवायचं असतं. छोट्या धंद्याने या वाटेला जाऊ नये.

एका प्रकाराची मात्र मी तुलनाच करणार नाही. वेलचीच्या नावाखाली पानमसाल्याचं नाव मिरवणाऱ्या जाहिराती. नागपुरात खर्ऱ्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने, काय केलं आहे, ते घराघरात ठाऊक आहे. तोंड उघडेनासं झालेली पोरं वस्तीवस्तीत दिसतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मॅच बघायला बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला त्याच पुड्यांची नावं तोंडपाठ असतात. अक्षयकुमारने २०२२ मध्ये लोकांच्या संतापानंतर माफी मागून अशी जाहिरात सोडली. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी आयपीएलला पत्र लिहून तंबाखू आणि दारूच्या आडून केलेल्या जाहिराती बंद करायला सांगितलं. पैसे लावून खेळायच्या ॲपांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने जाहिरातींसकट बंदी आलीच आहे. वेलचीबद्दलही तेवढीच कडक भूमिका हवी. अशा जाहिरातीच्या मागे-पुढे तुमची जाहिरात लागू नये, एवढं एजन्सीला जरूर बजावा.

टीव्ही की मोबाइल

यात फार वेळ घालवायला नको. टीव्हीवर देशभर जाणाऱ्या प्रक्षेपणात जाहिरात दिली, तर कोइम्बतूरच्या माणसाला तुमचा कूलर दाखवण्याचेही पैसे तुम्हीच भरता. मोबाइलवरच्या प्रक्षेपणात शहर आणि भाषा निवडता येते. फक्त नागपूर, किंवा नागपूर, अमरावती, चंद्रपूर, असं घेता येतं. आणि मोबाइलवर कानात इअरफोन असतो, म्हणजे तिथे आवाजही पोचतो. ज्यांचा माल विदर्भाबाहेर जात नाही, त्यांनी टीव्हीचा मोह सोडावा. दुकानात "आम्ही टीव्हीवर" असा बोर्ड लावायची हौस बरीच महाग पडते.

भाषेचं म्हणाल, तर मुळात मराठीत लिहून घ्या. हिंदीत शूट करून वरून मराठी आवाज चढवला, की ओठ एक बोलतात आणि कान दुसरंच ऐकतात. आपल्याकडचे लोक दोन्ही भाषा सहज बोलतात, त्यामुळे हिंदीही चालेल, पण मग ती नागपूरची हिंदी हवी. "काहून बे" (का रे) म्हणणारं पात्र सीताबर्डीत उभं असलं, तर लोक मान वर करून बघतील.

ब्रेक कोणता घ्यायचा, हेही विचारून घ्या. टाइमआऊट अडीच मिनिटांचा, म्हणून तो मोलाचा वाटतो, पण तेव्हाच घर उठतं: कुणी पाणी आणायला, कुणी कुकर बघायला. षटक संपल्यावरच्या छोट्या ब्रेकमध्ये कुणी जागचं हलत नाही. मिळाली तर षटकानंतरची पहिली जागा मागा.

आणि सगळा पैसा दोन महिन्यांवर सारखा पसरू नका. स्पर्धा मार्चच्या अखेरीस सुरू होते. नागपुरात कूलरची खरेदी तेव्हाच जोरात असते आणि मेच्या मध्यापर्यंत ज्याला घ्यायचा त्याने घेतलेला असतो. कूलरवाल्याने पहिल्या तीन आठवड्यांतच हात मोकळा सोडावा. फायनल मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला येते, बघणारे सर्वांत जास्त तेव्हाच असतात, पण तेव्हा लोक पावसाची वाट बघत असतात. ती जागा छत्री-रेनकोटवाल्याने, नाहीतर शाळेच्या दप्तरवाल्याने घ्यावी.