आरमध्ये स्वतःचं पॅकेज: आठ महिन्यांनंतर

मी वडोदऱ्याला, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. भरलेल्या पाकिटांच्या वजनांचे कंट्रोल चार्ट (वजनं नेहमीच्या चढउतारात आहेत का ते दाखवणारे आलेख) दर महिन्याला काढायचे असतात. त्यासाठी आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टा इतक्या वाढल्या की खरी कुठली हे मलाच कळेना. म्हणून यूजदिस, डेव्हटूल्स आणि रॉक्सिजन ही साधनं वापरून पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करता येईल असा फंक्शनांचा गठ्ठा, बांधलं.

सांगाडा चहा गार व्हायच्या आत उभा राहतो. विंडोजवर आरटूल्सचा (कोड कंपाइल करायच्या साधनांचा) बाऊ करतात, पण पॅकेजमध्ये सी किंवा सी++ नसेल तर त्याची गरजच पडत नाही. असेल तर आवृत्ती जुळवा, आर 4.4 ला आरटूल्स 44. एवढंच.

मला खरं रडवलं ते डेव्हटूल्सच्या लोड-ऑलनं, म्हणजे पॅकेज इन्स्टॉल न करताच लोड करणाऱ्या कमांडनं. फार गोड कमांड. कोड बदला, चालवा, लगेच हजर. पण ती आतली सगळी फंक्शनं उघडी करून ठेवते, एक्सपोर्ट केलेली (वापरणाऱ्यासाठी खुली ठेवलेली) असोत वा नसोत. माझ्याकडे महिनाभर सगळं सुरळीत. मग लॅबमधल्या ताईंच्या मशीनवर इन्स्टॉल केलं, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं फंक्शनच सापडत नाही म्हणतंय हे." रॉक्सिजनची एक्सपोर्टची ओळ लिहायची राहिली होती. ती घातली, तरी तेच! कारण त्यानंतर डॉक्युमेंट ही कमांड चालवली नव्हती, आणि ती चालवल्याशिवाय नेमस्पेस फाइल, म्हणजे एक्सपोर्टची यादी, बदलत नाही. अर्धी दुपार गेली, वर सेव-उसळीची पैज हरलो ती वेगळीच.

दुसरा घोळ फाइलचा. चार्टचे स्थिरांक (पाचच्या नमुन्याला ए-टू 0.577 वगैरे) मी सीएसव्हीत ठेवले होते आणि पत्ता माझ्याच डी ड्राइव्हचा दिला होता. तो काढून सिस्टम-फाइल हे पॅकेजमधल्या फाइलचा पत्ता शोधणारं फंक्शन वापरलं. ताईंकडे एरर आली, इनपुटमध्ये एकही ओळ नाही म्हणून. मी सीएसव्ही उघडून बघतोय, ओळी तर आहेत! गंमत अशी की फाइल सापडली नाही तर सिस्टम-फाइल ओरडत नाही, गुपचूप रिकामी स्ट्रिंग देतं. फाइल पॅकेजच्या इन्स्ट फोल्डरमध्ये ठेवलीच नव्हती मी. आता मस्टवर्क ट्रू (फाइल नसेल तर एरर दे) लिहिल्याशिवाय ते वापरत नाही.

चेक (पॅकेज तपासणारी कमांड) मात्र खडूस मास्तर आहे. अक्षाचं नाव देवनागरीत "वजन" लिहिलं तर कोडमध्ये आस्की नसलेली (साध्या इंग्रजीबाहेरची) अक्षरं आहेत म्हणून वॉर्निंग. तिथे युनिकोडचे आकडे लिहावे लागतात. मराठी माणसाला हे झोंबतंच, पण वाद घालून उपयोग नाही. डीप्लायर या तक्ते हाताळायच्या पॅकेजमध्ये लिहिलेली कॉलमची नावं चेकला बेवारस व्हेरिएबल वाटतात, त्याची नोट येते. डॉट-डेटा वापरलं की गप्प. आणि लेझी-लोड डेटाबेस खराब झाल्याची एरर आली तर घाबरू नका, पॅकेज लोड असतानाच पुन्हा इन्स्टॉल केलेलं असतं. आर बंद करून सुरू करा.

आज सुरुवात केली असती तर पहिल्या दिवसापासून चेक चालवलं असतं आणि प्रत्येक टेस्टला हाताने काढलेलं एक उत्तर दिलं असतं. या साधनांना पाचातले चार तारे. एक कापला तो एररच्या भाषेसाठी.

सध्या शून्य एरर, शून्य वॉर्निंग, एक नोट: आत्ताची वेळ पडताळता आली नाही म्हणे. ऑफिसातल्या फायरवॉलमुळे ती येते. घरी चेक चालवलं की जाते.